बुध्याचा हात

अक्कलकुव्याला हायवेच्या कडेला जिथे पूर्वी खताचं गोडाऊन होतं, तिथे आता सरहद्द संग्रहालय होतं. युरियाचा वास मात्र अजून गेला नव्हता. आत सगळ्या मिळून दहा-बारा वस्तू मांडलेल्या होत्या. त्यांच्यासमोर फोन धरला की त्या बोलायच्या, आणि बोलायला लागण्याआधी प्रत्येक वस्तू नमस्कार करायची. ही कल्पना राजेंद्रभाऊंची. भाऊ ब्राह्मणपुरीचे, संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या मते पाहुण्याशी बोलताना वस्तूने सुद्धा रीत सोडू नये.

त्यामुळे जमीन मोजायची जुनी साखळी म्हणायची, "नमस्कार, मी एक साखळी. मला ओढत साहेब लोकांनी हा डोंगर मोजला." मग फरशीवर एक लाल रेघ उमटायची, इकडे महाराष्ट्र, तिकडे गुजरात. येणारा प्रत्येक माणूस एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून फोटो काढायचा. नाक्यावरचा आडवा बांबू म्हणायचा, "नमस्कार, मी एक बांबू." ट्रकच्या चाकाची एक काळी ट्यूब होती, जिच्यात मोहाची दारू भरून लोक रात्री दारूबंदीच्या मुलुखात उतरायचे. ती म्हणायची, "नमस्कार, मी एक ट्यूब. मी फार पाहिलं आहे."

हे सगळं करणारा पोरगा म्हणजे इंद्रसिंग वसावे, गाव निंबीपाणी, वर डोंगरात, अगदी रेघेवर. त्याच्या कार्डावर 'डिजिटल क्युरेटर' असं छापलेलं होतं आणि त्याच्याकडे एक टॅब आणि एक झाडू होता. झाडू जास्त वापरला जायचा.

संग्रहालयातली सगळ्यात भारी वस्तू दाराशी होती. बुध्याच्या कमरेला बांधायच्या सुक्या भोपळ्यांची माळ. फोन धरला की त्या माळेभोवती हळूहळू अख्खा बुध्या उभा राहायचा. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं. होळीला सातपुड्यात रेघेच्या दोन्ही बाजूंनी बुधे नाचतात. या गावची होळी झाली की त्या गावची. मध्ये राज्य बदललं तरी ढोल बदलत नाही.

हा बुध्या नमस्कार करत नव्हता, कारण त्याचे हात खाली होते. आणि तो इंद्रसिंगचा सख्खा काका होता.

इंद्रसिंगचे आईबाप वर्षातले सात-आठ महिने ऊस तोडायला सुरत-बारडोलीकडे असायचे. पोराला वाढवलं ते दोधूकाकाने आणि कौसाकाकीने. पाच वर्षांपूर्वी इंद्रसिंगला ताप आला आणि तो डोक्यात चढला. दवाखान्यात डॉक्टर आपलं काम करत होते. काका बाहेर चिंचेखाली बसून त्याचं काम करत होता. त्याने नवसाची मानता घेतली, की पोरगा उठला तर पाच होळ्या बुध्या होईन. पोरगा उठला. तेव्हापासून दर होळीला दोधूकाका पाळणी पाळायचा. अंघोळ नाही, खाट नाही, जमिनीवर झोपायचं, आपलं आपण रांधायचं, आणि बाईच्या हातचं खायचं नाही, बाईला बोटसुद्धा लावायचं नाही. पाळणी मोडली तर मानता फुकट गेली, आणि ज्याच्यासाठी घेतली ते पण देव परत मागू शकतो. म्हणजे इंद्रसिंगला.

यंदाची होळी पाचवी होती.

बुध्या फोनात कसा आला हे काकाला ठाऊक नव्हतं. गेल्या होळीला इंद्रसिंग गावी गेला होता. माणसाभोवती फोन फिरवला की त्याची हुबेहूब बाहुली होते, तेवढं त्याला करायचं होतं. त्याने काकाला विचारलं. काका म्हणाला, "पाळणीत फोटोला उभं राहत नाहीत रे."

संस्थेला महिनाअखेरीला काम दाखवायचं होतं. इंद्रसिंग थोडा वेळ कोंबड्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "फोटो नाही काका. केवायसी आहे."

त्या वर्षी केवायसीने सगळ्या डोंगराची झोप उडवली होती. केवायसी नाही तर रेशन नाही, नाव कटलं. दोधूकाकाचा चेहराच पडला. तो अंगणात जाऊन ताठ उभा राहिला.

"टोप काढू?"

"नको, टोपासकट. सरकारला पूर्ण माणूस हवा असतो."

काका उभा राहिला आणि इंद्रसिंग त्याच्याभोवती फोन घेऊन फिरला. मध्ये काकाने विचारलं, "आधी तर नुसता अंगठा घ्यायचे ना?" इंद्रसिंग म्हणाला, "आता वाढवलं आहे." पावसाळ्यात काकाचा फोन आला, "झाली का रे केवायसी?" इंद्रसिंग म्हणाला, "झाली." एवढंच.

यंदा होळीच्या तोंडावर उद्घाटन होतं. त्याच्या आठवडाभर आधी राजेंद्रभाऊंनी बुध्या पहिल्यांदा नीट पाहिला. त्यांनी मान वाकडी करून त्याला चारी बाजूंनी न्याहाळला.

"इंद्या, हाऊ भलताच अक्कडमा उभा शे रे. पाव्हणा ना संगे फोटो काढतीन, तं याना हात खांदावर पाह्यजे. जरासा मायाळू कर त्याले."

फोनातल्या काकाचा हात हलवायचा तर तो कुणाचा तरी खरा हात हलवूनच घ्यावा लागणार होता. इंद्रसिंगने खोलीचं दार लावलं, झाडू भिंतीला उभा टेकवला, फोन समोर ठेवला आणि झाडूच्या खांद्यावर मायेने हात टाकला. पहिल्यांदा हात फार वर गेला. दुसऱ्यांदा झाडू पडला. शेवटी जमलं. बुध्या मायाळू झाला.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्या होत्या यामिनी मॅडम, देणगी देणाऱ्या कंपनीच्या. चांगल्या बाई. त्यांनी साखळीचं ऐकलं, बांबूचं ऐकलं, ट्यूबचं दोनदा ऐकलं. मग त्या भोपळ्यांच्या माळेशेजारी उभ्या राहिल्या. दोधूकाका त्यांच्या बाजूला उगवला, त्याने मॅडमच्या खांद्यावर हात टाकला आणि राजेंद्रभाऊंनी फोटो काढला. भाऊंनी तो स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा मिलाफ.

मिलाफ संध्याकाळपर्यंत निंबीपाणीला पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाकाकीचा फोन आला. इंद्रसिंग झाडू मारत होता.

"तुझ्या काकाने कुणाला धरलंय रे?"

"कुणाला नाही काकी. ते फोनातलं आहे."

"फोनातलं आहे ते मला दिसतंय, मी काय आंधळी? गोरीपान आहे. तुझ्या काकाला विचारलं तर तो म्हणतो मी दोन दिवस नाल्याच्या पलीकडे पण गेलो नाही. खोटं नाही बोलत तो, पाळणीत आहे." मग तिचा आवाज बारीक झाला. "खात्या कारभारी म्हणतो, परवा गावच्या होळीत दोधूने नाचायचं नाही. पाळणी मोडली. पाचवं वर्ष आहे रे इंद्या. तू ये."

इंद्रसिंग राजेंद्रभाऊंकडे गेला आणि म्हणाला, बुध्या बंद करावा लागेल. भाऊ चहा पीत होते.

"बंद करीसन काय? फोटो बठ्ठास्ना फोनमा गया. तू आसं कर, गावमा सांगी दे, हाई मॉडेल शे, रेडिमेड, दुकानमाईन लेयेल शे. तुन्हा काकाना काई संबंधच नही."

इंद्रसिंगला हे बरं वाटलं. आपल्याला हे बरं वाटलं याची त्याला घाटात लाज वाटली. वळण आलं आणि फोनवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज आला. पुढच्या वळणावर महाराष्ट्रात स्वागत झालं. निंबीपाणीपर्यंत त्याचं चारदा स्वागत झालं आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं, करू नये.

गावात होळीचा लांब बांबू आणून आडवा ठेवलेला होता. त्याच्याभोवती माणसं बसली होती, रेघेच्या पलीकडच्या पाड्यातलीही. दोधूकाका सगळ्यांपासून लांब, जमिनीवर, तीन दगडांच्या चुलीवर एकटाच भाकर थापत होता. टोप शेजारी फडक्यावर ठेवलेला. पाच वर्षांच्या सवयीनेही त्याची भाकर गोल होत नव्हती.

"आलास?" काका म्हणाला. "वाटेत काही खाल्लंस का?"

काकाच्या चुलीभोवती कोंबड्या हिंडत होत्या. इतक्या जाड कोंबड्या त्याने अख्ख्या डोंगरात पाहिल्या नव्हत्या. त्या चालत नव्हत्या, सरकत होत्या.

खात्या कारभारी म्हातारा माणूस. कानावर बिडी, मांडीवर नातवाचा फोन, त्यात मिलाफ.

"कारभारीबाबा," इंद्रसिंग म्हणाला, "हा खरा माणूस नाही. फोनातलं चित्र आहे."

"ते कळतंय," खात्या म्हणाला. "मागच्या बाजाराला मी बैल विकला. व्यापाऱ्याने फोनातून पैसे पाठवले. ते खरे होते का खोटे?"

"खरे."

"मग फोनातला पैसा खरा आणि फोनातला हात खोटा, हे कोणी ठरवलं?"

इंद्रसिंगने या विषयाचा कोर्स केला होता. कोर्समध्ये हा प्रश्न नव्हता.

"पण तो काका नाहीच," तो म्हणाला. "ते मॉडेल आहे. दुकानातून आणलेलं. रेडिमेड."

बोलून झाल्यावर त्याने काकाकडे पाहिलं नाही. पलीकडच्या पाड्यातल्या एकाने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सगळ्यांना दाखवला.

"दुकानात दोधूचा तुटका दात पण मिळतो का? माझ्या बापाचा राहिलाय, मागवू."

माणसं हसली. बायका लांब ओट्यावर होत्या, त्याही हसल्या. कौसाकाकी हसली नाही. ती इंद्रसिंगकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला नुसतं कळलं होतं.

"खरं सांग इंद्या," खात्या म्हणाला. "तोंड दोधूचं आहे. हात पण दोधूचाच का?"

आता इथे सुटका होती. पण सुटकेच्या वाटेत झाडू उभा होता.

"हात माझा आहे," इंद्रसिंग म्हणाला.

"तुझा? तुझा हात दोधूच्या खांद्याला कसा?"

"मी आधी तसा हात टाकला, फोनने तो उचलला, मग काकाला लावला."

"तू त्या बाईवर हात टाकला?"

"नाही. मी हात टाकला तेव्हा बाई नव्हती."

"मग कोण होतं?"

इंद्रसिंगने होळीच्या बांबूकडे पाहिलं. बांबूने काही मदत केली नाही.

"झाडू," तो म्हणाला.

खात्याने फार शांतपणे नातवाला घरी पाठवलं आणि झाडू आणवला. इंद्रसिंगला उभं केलं. झाडू त्याच्या शेजारी धरला. "दाखव," म्हणाला. इंद्रसिंगने अख्ख्या गावासमोर, दोन राज्यांच्या साक्षीने, झाडूच्या खांद्यावर मायेने हात टाकला. खात्याने फोटो एका डोळ्याने आणि इंद्रसिंगला दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. कोपर तसंच, करंगळी तशीच वर.

"ह्याचाच आहे," खात्याने निकाल दिला.

मग जे हसू फुटलं, ते पलीकडच्या पाड्यात ऐकू गेलं असेल. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. एकीने विचारलं, लग्न कधी? दुसरी म्हणाली, सून कामाची आहे, घर तरी झाडेल. इंद्रसिंगचे कान पेटले होते, पण आतून त्याला हायसं वाटत होतं. एवढ्यावर भागत असेल तर स्वस्तात सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

खात्याने हात वर केला. "हात दोधूचा नाही. दोधूने बाईला शिवलं नाही. परवा दोधू नाचणार."

माणसं उठायला लागली, तेवढ्यात दोधूकाका म्हणाला, "थांबा."

तो पिठाच्या हातांनी उभा राहिला. कोणाकडे बघत नव्हता.

"मी नाचणार नाही. माझी पाळणी मागच्याच होळीला मोडली."

कौसाकाकी ओट्यावरून उठून उभी राहिली.

"बुध्याचा वेश देवाचा," काका म्हणाला. "तो घालून आपल्यासाठी काही मागायचं नसतं. मी घातला आणि सरकारसमोर उभा राहिलो. केवायसीसाठी. टोपासकट. मला वाटलं, नाव कटेल, कौसा काय खाईल. उभा राहिलो, फोन माझ्याभोवती गोल फिरला. आणि धान्य सुरूच राहिलं. बारा महिने ते धान्य घरी येतंय. मी देवाच्या वेशात भीक मागितली."

"म्हणून तू तांदूळ खात नाहीस?" कौसाकाकी लांबून ओरडली. "म्हणून सगळं कोंबड्यांना? मला म्हणायचास पोटाला झेपत नाही!"

"नाही खाल्ला. एक दाणा नाही," काका म्हणाला. "कोंबड्यांना पाप लागत नाही, असं मी धरलं."

कोंबड्या सरकत इकडून तिकडे गेल्या. कोणी हसलं नाही.

"वर्षभर कोणाला सांगितलं नाही," काका म्हणाला. त्याचा आवाज आता जेमतेम येत होता. "लाज वाटली. पोराला काही होईल म्हणून रात्री भीती वाटायची. त्याचा फोन नाही लागला की वाटायचं, झालं. मी मोडली, देव त्याला घेऊन गेला."

इंद्रसिंगला आठवलं, पावसाळ्यापासून काका सारखा फोन करायचा. काही काम नसायचं. "आहेस ना?" विचारायचा आणि ठेवायचा. राजेंद्रभाऊंसमोर फोन वाजला की इंद्रसिंग कापून टाकायचा. काकाला बोलायचं काही कळत नाही, असं त्याने भाऊंना हसून सांगितलं होतं.

आता कोणी त्याला काही विचारत नव्हतं. सगळे काकाकडे बघत होते. गप्प बसलं तर हे असंच राहणार होतं. काका नाचणार नव्हता, पाचवी होळी जाणार होती, आणि हात कोणाचा होता एवढंच लोकांच्या लक्षात राहणार होतं. झाडूची लाज लोक दोन होळ्यांत विसरतात. ही दुसरी कोणी विसरणार नव्हतं.

"काका," तो म्हणाला. "केवायसी नव्हती."

काकाने पाहिलं.

"सरकार नव्हतं. कोणी नव्हतं. मला हा बुध्या करायचा होता. तू फोटोला नाही म्हणालास, म्हणून मी केवायसी म्हणालो. खोटं बोललो. तुझं धान्य आपोआप सुरू होतं. तुझा अंगठा आधीच झालेला होता."

चुलीवरची भाकर करपल्याचा वास सगळ्यांना एकदम आला. इंद्रसिंग वाट बघत होता. काका मारेल, असं त्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं. मग आठवलं, पाळणीत माणूस कोणावर हात उचलत नाही.

"म्हणजे सरकारने मला पाहिलंच नाही?" काकाने विचारलं.

"नाही."

"धान्य त्या वेशाचं नाही?"

"नाही. अंगठ्याचं."

"म्हणजे मी काही मागितलंच नाही." काका हे स्वतःशी म्हणाला. मग खात्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "कारभारी, मी मागितलं नाही! मला फसवलं! ह्याने मला फसवलं!"

आणि दोधूकाकाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की इंद्रसिंगला तो बघवेना. वर्षभराचं ओझं त्या माणसाच्या पाठीवरून उतरलं होतं. ते इंद्रसिंगनेच चढवलं होतं, आणि काका त्याचे उपकार मानत होता.

"फसवलेल्याची पाळणी मोडते का?" काकाने विचारलं.

खात्याने कानावरची बिडी काढली. "फसवलेल्याची कशी मोडेल? तू खरं समजून उभा राहिलास. खोटं ह्याचं. तू नाच."

होळीच्या रात्री दोधूकाका नाचला. डोक्यावर मोरपिसं, कमरेला भोपळे, पहाटेपर्यंत. रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं आली होती. ढोल थांबला की काका घाम पुसत कोणालातरी धरून इंद्रसिंगकडे आणायचा. लांबच्या गावचा पाव्हणा, पलीकडच्या राज्यातला सोयरा, कोणीही. त्याच्या मनात जरासुद्धा राग नव्हता. आपली पाळणी मोडली नाही, एवढीच त्याला खात्री करून द्यायची होती.

"हा माझा पुतण्या," तो अभिमानाने म्हणायचा. "ह्याने मला फसवलं. केवायसी सांगून. विचारा त्याला."

"खरं का रे?" पाव्हणा विचारायचा.

"खरं," इंद्रसिंग म्हणायचा. दर वेळी ते म्हणायला तेवढंच जड जायचं. त्याला वाटलं होतं, सवय होईल.

उजाडताना काकाने राखेत भोपळे सोडले. टोप उतरवला. मग तो नाल्यावर गेला, अंघोळ करून आला आणि ओट्यावर बसला. कौसाकाकीने त्याच्यासमोर भात ठेवला. रेशनचाच. काका एक घास खाऊन थांबला, मग हसला, मग ताटलीभर खाल्ला. दुसरी ताटली काकीने इंद्रसिंगपुढे सरकवली. त्याच्याकडे न बघता.

इंद्रसिंगने घास हातात घेतला. तो तोंडापर्यंत जाईना.

"खा की," दोधूकाका म्हणाला. त्याने ओला हात इंद्रसिंगच्या डोक्यावर ठेवला आणि तापात असताना बघायचा तसं कपाळ चाचपून पाहिलं. "पाच झाल्या. फिटली मानता. आता तुला काही व्हायचं नाही."

इंद्रसिंगने मान डोलावली. त्याला पहिल्यांदाच वाटलं, थोडं काहीतरी व्हायला हवं होतं.